पदयात्रेतील बातमीदार

(नभोवाणीवरील भाषण)



पुढारी चालू लागला म्हणजे त्याच्यामागून वर्तमानपत्रे चालू लागतात, ही गोष्ट आपल्या देशात आता नवी राहिलेली नाही. पुढारी का चालतो, ह्याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. त्याच्याबरोबर जो बातमीदार चालतो त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो कोठे निजतो, कोणाच्या पंक्तीला जेवतो, त्याला दिसते काय आणि दिसलेल्यातले तो लिहितो किती, ह्या प्रश्नांशी आपला, म्हणजे घरी बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसांचा, फार निकटचा संबंध आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी अशी यात्रा प्रत्यक्ष पाहिलेली नसते. ती आपण त्या बातमीदाराच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. त्याच्या डोळ्यांत धूळ गेली असेल तर ती आपल्याही डोळ्यांत गेलेली असते, आणि आपणांस त्याचा पत्ताही नसतो.

चालण्याचे अप्रूप आपणां महाराष्ट्रीयांस तरी वाटू नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट दरवर्षी लक्षावधी माणसे पायी तुडवितात. परंतु वारी आणि राजकीय पदयात्रा ह्यांत एक मोठा भेद आहे. वारीत सर्वांचे तोंड एकाच दिशेला असते. पुढाऱ्याच्या यात्रेत पुढारी रस्त्याकडे पाहतो आणि बाकीचे सर्व पुढाऱ्याकडे पाहतात. बातमीदाराची अडचण नेमकी येथूनच सुरू होते. कारण त्याने रस्त्याकडेही पाहावे आणि पुढाऱ्याकडेही पाहावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि मान तर एकच असते.

ह्या प्रकारच्या यात्रांत आद्य म्हणावी अशी यात्रा दांडीची. १२ मार्च १९३० रोजी सकाळी गांधीजी साबरमतीच्या आश्रमातून ७८ सोबत्यांसह निघाले. त्यांस तेव्हा एकसष्टावे वर्ष चालू होते. सुमारे २४० मैलांचे अंतर, चोवीस दिवस, आणि दर सोमवारी विश्रांती. ५ एप्रिलला मंडळी दांडीस पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाचा कायदा मोडण्यात आला. त्या मंडळींत आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे हेही होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

ह्या यात्रेत बातमीदारांच्या दृष्टीने विशेष असे काय होते? पहिली गोष्ट ही की तेथे गुप्तता नावालाही नव्हती. २ मार्चला गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांस पत्र लिहून आपला बेत आधीच कळविला होता. चालणारांची नावे त्यांच्याच पत्रात छापली गेली. मुक्कामांची गावे ठरलेली होती. अर्थात जे पोलिसांस कळत होते तेच बातमीदारांसही कळत होते. शिवाय नडियाद, आणंद, भडोच, अंकलेश्वर, सुरत, नवसारी अशी आगगाडीच्या मार्गावरील गावे वाटेवर किंवा वाटेजवळ असल्यामुळे मजकूर रवाना करणे फारसे कठीण नव्हते. जो मुक्काम तारायंत्राजवळ, त्या मुक्कामाची हकीकत सविस्तर आणि जो आडगावी, त्याची त्रोटक, हा बातमीदारीतला जुना न्याय आहे. कंकापुऱ्याहून कारेलीकडे जाताना रात्रीच्या वेळी मही नदी ओलांडावी लागली. भरती‑ओहोटीच्या त्या मुखाशी चिखल तुडवीत, नावेत बसून, काठावरील दिव्यांच्या उजेडात ती मंडळी पलीकडे गेली. असे प्रसंग लिहिणारास आवडतात, आणि वाचणारासही आवडतात. त्यात गैर काही नाही.

पण मला त्या चोवीस दिवसांतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग महीच्या काठचा वाटत नाही. तो सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथील, २९ मार्चच्या सभेतला वाटतो. यात्रेच्या स्वागतासाठी ठिकठिकाणच्या मंडळींनी उत्साहाच्या भरात थाटमाट वाढविला होता. सुरतेहून मोटारीने दूध व फळफळावळ येत होती. रात्रीच्या चालीसाठी किटसनचे जड दिवे होते, आणि त्यांतला एक दिवा डोक्यावर घेऊन एक मजूर चालत होता. त्याला लवकर चाल म्हणून दटावले जात होते. गांधीजींनी हे पाहिले आणि भर सभेत बोलून दाखविले. व्हाइसरॉयास लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याच्या दरमहा २१,००० रुपये पगाराचा हिशेब मांडला होता. ज्या देशात माणसाची सरासरी प्राप्ती दिवसास दोन आण्यांहूनही कमी, त्या देशात हा पगार कोणत्या तोंडाने घेता, असा त्यातला आशय होता. आता तोच हिशेब त्यांनी स्वतःस आणि स्वतःच्या मंडळींस लावला. आपलाच खर्च गरिबाच्या प्राप्तीच्या कितीतरी पट असेल तर ते पत्र लिहिण्याचा आपल्याला अधिकार काय, असे त्यांनी विचारले.

आता विचार करा. दिव्याखाली चालणारा तो मजूर काही एकट्या गांधीजींनाच दिसत नव्हता. त्याच उजेडात शेकडो माणसे चालत होती. तथापि त्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती पुढाऱ्याने स्वतः सभेत काढली म्हणून. पुढारी गांधीजी होते म्हणून ती निघाली. पुढारी दुसरा कोणी असता तर तो दिवा तसाच त्या मजुराच्या डोक्यावर राहिला असता आणि आपण ‘दिव्यांच्या झगमगाटात यात्रेचे स्वागत’ असा मथळा वाचून समाधान पावलो असतो. पुढाऱ्याबरोबर बातमीदार असावा तो ह्याच कामासाठी. दिवा तर कोणालाही दिसतो. ज्याच्या डोक्यावर तो आहे त्याच्याकडे पाहणारा एक तरी माणूस बरोबर हवा.

दूर बसून लिहिणारांची तऱ्हा आणखी निराळी. अमेरिकेतील ‘टाइम’ ह्या साप्ताहिकाने आरंभी ह्या यात्रेची टवाळीच केली होती. वर्ष संपता संपता त्याच साप्ताहिकाने गांधीजींना त्या वर्षाचे श्रेष्ठ पुरुष म्हणून निवडले.

दांडीनंतर दीड महिन्याने धरासण्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. गांधीजी तेव्हा अटकेत होते. २१ मे १९३० रोजी सरोजिनी नायडू आणि मणिलाल गांधी ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही पुढे गेले, आणि लोखंडी टोके असलेल्या लाठ्या त्यांच्या डोक्यांवर पडल्या. तेथे युनायटेड प्रेसचा वेब मिलर हा अमेरिकन बातमीदार होता. त्याने ना गांधीजींबरोबर दांडीची वाट चालली होती, ना त्यांच्या आश्रमात मुक्काम केला होता. डुंगरी स्टेशनावर उतरून तो काही मैल एकटा पायी चालत गेला, दिवसभर उभा राहिला आणि जे पाहिले ते त्याने लिहिले. संध्याकाळी जखमींसाठी केलेल्या छपरात जाऊन त्याने माणसे मोजली: ३२० जखमी आणि दोन मृत. त्याची तार प्रथम सरकारी अधिकाऱ्यांनी अडविली. अखेर ती बाहेर पडली आणि जगभर १,३५० हून अधिक वर्तमानपत्रांत छापून आली. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण त्या सबंध वृत्तान्तात मला सर्वांत जास्त मोल ह्या मोजण्याचे वाटते. ‘असंख्य’, ‘अगणित’, ‘जनसागर’ हे शब्द मुलांच्या निबंधात मी नेहमी तांबड्या शाईने खोडीत आलो. मोजता येते ते मोजावे. पदयात्रेच्या बातम्यांत गर्दीचा आकडा दोन पक्षांच्या दोन वर्तमानपत्रांत कधीच जुळत नाही. रस्त्याची रुंदी ठाऊक असते, एका ओळीत माणसे किती मावतात तेही ठाऊक असते. पण त्रैराशिक करण्याची तसदी कोणी घेत नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग बरोबर चालण्याचा आग्रह कशास? मिलरप्रमाणे एक दिवस यावे, मोजावे, लिहावे आणि जावे. परंतु एका दिवसात लाठी दिसते, भूक दिसत नाही. लाठीचा प्रसंग तासाभरात घडतो. गावाची स्थिती कळावयास दहा गावे एकामागून एक पाहावी लागतात, आणि तीही सारख्याच थकव्याने पाहावी लागतात. मोटारीतून पाहिलेले गाव आणि पायाला फोड आलेले असता पाहिलेले गाव ही दोन निरनिराळी गावे असतात. पाण्याची तहान लागलेल्या माणसालाच विहिरीचा प्रश्न सुचतो.

बरोबर चालण्यातला खरा धोका लाचलुचपतीचा नव्हे. तो थोडा निराळा व अधिक सूक्ष्म आहे. शाळेच्या सहली ज्यांनी नेल्या असतील त्यांस तो चटकन समजेल. दोन दिवस डोंगर चढून, एकाच पातेल्यातील खिचडी खाऊन परत आल्यावर त्याच मुलांना वर्गात शिक्षा करणे मास्तरांना फार जड जाते. एकत्र थकलेली माणसे एकमेकांची होतात. शिवाय आपल्याकडे ‘खाल्ल्या मिठाला जागावे’ ही शिकवण लहानपणापासून दिलेली असते. इतर सर्व व्यवहारांत ती थोर असली तरी बातमीदाराच्या धंद्यात मोठी अडचणीची आहे. ज्याच्या पंक्तीला जेवलो त्याच्या आमटीत मीठ कमी होते, असे लिहावयास लेखणी धजत नाही.

ही अडचण ओलांडून गेलेला एक मनुष्य मला ठाऊक आहे, पण तो व्यवसायाने बातमीदार नव्हता. १९४६ च्या अखेरीस व १९४७ च्या आरंभी गांधीजी नोआखालीत खेड्याखेड्यांतून फिरले. वयाच्या ७७ व्या वर्षी, अनवाणी, दंगलीने होरपळलेल्या मुलखात ४७ गावे आणि ११६ मैल. त्या वेळी मानववंशशास्त्राचे अभ्यासक निर्मलकुमार बोस हे दुभाषे व चिटणीस म्हणून त्यांच्याबरोबर होते. बोस ह्यांची गांधीजींवर भक्ती होती; तरीही जे पटले नाही ते त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले, मतभेद मिटेनात तेव्हा मार्च १९४७ मध्ये त्यांचा निरोप घेतला, आणि पुढे १९५३ साली ‘माय डेज विथ गांधी’ हे पुस्तक लिहून प्रशंसा आणि आक्षेप दोन्ही एकाच शांतपणे नोंदविले. गांधीजींच्या अनेक भक्तांना ते रुचले नाही. परंतु त्या दिवसांतले गांधीजी समजून घ्यावयाचे तर आजही त्या पुस्तकाकडे जावे लागते. आरत्यांकडे जाऊन भागत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या यात्रांपैकी एक म्हणजे चंद्रशेखर ह्यांची भारतयात्रा. ते जनता पक्षाचे अध्यक्ष होते. ६ जानेवारी १९८३ रोजी ते कन्याकुमारीहून निघाले आणि चार हजारांहून अधिक किलोमीटर चालून २५ जून १९८३ रोजी दिल्लीस राजघाटावर पोहोचले. पिण्याचे पाणी, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे साधे विषय त्यांनी बरोबर घेतले होते. आपल्याकडे मावळात परंदवडी येथे ह्या यात्रेतून निघालेले एक केंद्रही उभे राहिले. पण वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ही यात्रा फार गैरसोयीची. कोणते वर्तमानपत्र एक शहाणा माणूस सहा महिने एका यात्रेसाठी मोकळा सोडील? जिल्हा बदलला की बातमीदार बदलणार; आणि ज्याने तमिळनाडूतील विहीर पाहिली त्याला मध्य प्रदेशातील विहीर दिसणार नाही. २५ जून हा दिवस आणीबाणीचा वर्षदिन म्हणून महत्त्वाचा. परंतु योगायोग असा, की त्याच दिवशी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी घरोघरी कशाची चर्चा झाली हे सांगावयास नको. १९८४ च्या डिसेंबरातील निवडणुकीत तर चंद्रशेखर स्वतः बलियात पराभूत झाले. उलट २००३ च्या उन्हाळ्यात चेवेळ्ळाहून इच्छापुरमपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर चाललेले राजशेखर रेड्डी पुढच्याच वर्षी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा पदयात्रेच्या गर्दीवरून निवडणुकीचे भविष्य सांगणारे बातमीदार आणि कुडमुडे जोशी ह्यांत मी फारसा भेद करीत नाही.

आता अलीकडची एक हकीकत सांगतो. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. तो एका जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार आहे. त्याचे वा त्याच्या पत्राचे नाव येथे घेत नाही. राहुल गांधी ह्यांची ‘भारत जोडो यात्रा’ ७ सप्टेंबर २०२२ रोजी कन्याकुमारीहून निघून ३० जानेवारी २०२३ रोजी श्रीनगरास संपली. ७ नोव्हेंबरला ती देगलूरला महाराष्ट्रात शिरली आणि नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून गेली. त्या यात्रेच्या राजकारणाविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. ज्याचा त्याने विचार केलाच असेल. हा माझा विद्यार्थी तीबरोबर आठ दिवस चालला.

तो सांगत होता, की पहाटे उठून सहाच्या सुमारास चाल सुरू होई. दहा‑साडेदहापर्यंत पहिला टप्पा, मग विसावा, आणि दुपारी उन्हे कलल्यावर संध्याकाळपर्यंत दुसरा. दिवसाकाठी वीस‑पंचवीस किलोमीटर पडत. कायम चालणारांची रात्रीची सोय मालमोटारींवरील लोखंडी पेट्यांच्या खोल्यांत केलेली होती. ह्याला मात्र जवळच्या तालुक्याच्या गावी लॉज शोधावा लागे. पुढाऱ्याभोवती पोलीस एक लांब दोर धरून चालत. त्या दोराच्या आत जो गेला त्याला पुढाऱ्याचा चेहरा दिसे, छायाचित्र मिळे, नशीब असेल तर एखादे वाक्यही मिळे. दोराच्या बाहेर राहिला त्याला दुतर्फा उभी असलेली माणसे दिसत आणि त्यांच्यामागे शेते दिसत. पहिले दोन दिवस तो आत शिरण्यासाठी धडपडला. तिसऱ्या दिवशी धक्काबुक्कीत त्याची चप्पल तुटली, म्हणून तो कडेला बसला. आणि बसल्यावर त्याला कपाशीच्या शेतात वेचणी करणाऱ्या बायका दिसल्या. त्या रस्त्यावर आल्या नव्हत्या. किलोमागे मजुरी मिळत असल्यामुळे रस्त्यावर उभे राहिले तर तेवढी मजुरी बुडणार, हा त्यांचा साधा हिशेब होता. त्या वर्षी अतिवृष्टीने पिकांची नासाडी झालेली, त्यामुळे वेचावयास बोंडेही बेताचीच. ह्याने त्या दिवसापासून वहीत दोन रकाने पाडले: रस्त्यावर कोण आले, आणि कोण आले नाही व का आले नाही.

मी त्याला विचारले, “जेवणाचे काय करीत होतास?” तो म्हणाला, “सर, एकदा छावणीत जेवलो. कोणी काही मागितले नाही, कोणी काही सुचविलेही नाही. पण संध्याकाळी मजकूर लिहायला बसलो तर हात जरा अडखळला. मग दुसऱ्या दिवसापासून लॉजवाल्याकडून पोळी‑भाजी बांधून घेऊ लागलो.” वर्गात तो कधी पहिल्या पाचांत नव्हता, हे सांगितले पाहिजे.

१७ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यात पत्रकार परिषद झाली, आणि तीत सावरकरांविषयी जे विधान झाले त्यावरून मोठा गदारोळ उठला. ते विधान योग्य की अयोग्य, ह्याचा खल त्या वेळी भरपूर झाला आहे; तो पुन्हा उकरण्याचे हे स्थान नव्हे. मला दिसते ते एवढेच, की त्या संध्याकाळपासून पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर यात्रा चालेनाशी झाली. माणसे चालतच होती. दुसऱ्या दिवशी शेगावला मोठी सभाही झाली. पण बातमी त्या एका विधानापाशी थांबून राहिली. माझ्या विद्यार्थ्याच्या संपादकांनी त्याला दूरध्वनी करून सांगितले, की शेतांचे राहू दे, विधानावर गावोगावच्या प्रतिक्रिया पाठव. त्याने त्या पाठविल्या. नोकरीच होती. विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रांनी विधान मोठे केले, यात्रेच्या पक्षपात्यांनी गर्दी मोठी केली, आणि दोघांच्याही वाचकांना वेचणीच्या मजुरीचा दर कळला नाही.

पाहा, ह्यात कोणी खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. विधान झाले होते, गर्दीही झाली होती. माझी तक्रार प्रमाणाची आहे. नकाशा काढताना मुलगा नदी बरोबर काढतो, डोंगर बरोबर काढतो, पण नदी डोंगराहून रुंद काढतो. त्याला मी नापास करीत नसे, पण पुन्हा काढावयास लावीत असे.

२३ नोव्हेंबरला यात्रा बुऱ्हाणपूरकडे मध्य प्रदेशात गेली. हा त्या आधीच परत फिरला होता. परतताना त्याने एक गोष्ट केली, ती मला महत्त्वाची वाटते. ज्या रस्त्याने तो आठ दिवस चालला होता त्याच रस्त्याने तो एस. टी.ने उलटा निघाला आणि वाटेत तीन गावी उतरला. स्वागताच्या कमानी अजून उभ्या होत्या. एका ठिकाणी कमानीचे कापड कोणीतरी काढून कडब्यावर झाकावयास घेतले होते. यात्रा गेल्यावर गावात काय झाले, असे तो लोकांना विचारी. एका गावी रस्त्याचे खड्डे यात्रेच्या आदल्या दिवशी बुजविलेले होते, ते तसेच टिकून होते, आणि त्याबद्दल लोक समाधानी होते. दुसऱ्या गावी यात्रेसाठी म्हणून आलेले पाण्याचे टँकर यात्रेबरोबरच निघून गेले होते. तिसऱ्या गावी वेचणी करणाऱ्या त्याच बायका त्याला पुन्हा भेटल्या. तुमचा फोटो आला का, असे त्यांनी त्याला विचारले. तो बातमीदार आहे, त्याचा फोटो येत नसतो, हे त्यांना पटवावयास त्याला बराच वेळ लागला.

ह्या तीन गावांवर त्याने सुमारे दीड हजार शब्द लिहिले. संपादकांनी ते पंधरवड्याने रविवारच्या पुरवणीत छापले. जागेअभावी सहाशे शब्द राहिले. टँकरचा परिच्छेद गेला, कमानीचा राहिला. कापलेल्या मजकुराची एक प्रत त्याने मला आणून दिली, ती माझ्यापाशी आहे. मजुरीचा दर तीत दोन ठिकाणी दोन निरनिराळे पडले होते. मी खूण करून दिली तेव्हा तो म्हणाला, की चूक नाही, दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या वेचणीला एक दर असतो आणि शेवटच्या वेचणीला दुसरा.